दादांचा आखूड कमठा

सरस शिजवल्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर निघत नाही. सुताराकडे मोडकी खुर्ची सांधायला टाकली तर मी आजही चार हात लांब उभी राहते. पण तो वास आला की मला हसूही येतं. राजूरच्या वरच्या अंगाला असलेली आमची वाडी, ओट्यावर खाटेवर बसलेले दादा आणि पदर नाकाला लावून अंगणातल्या दगडांच्या चुलीवर भाकऱ्या भाजणारी आई एकदम समोर उभी राहतात. दादा म्हणजे माझे वडील. त्या हिवाळ्यात आई आत स्वयंपाक करत नव्हती, कारण आतल्या चुलीवर एकदा दादांचा कमठा टांगला होता आणि त्यातलं काहीतरी तिच्या वरणात पडलं होतं.

पण ते वरणाचं पुढं सांगते. आधी कमठा, म्हणजे आमच्याकडचं धनुष्य, कशाला, ते सांगायला हवं.

आमच्या वाडीतून शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्वी पारध निघायची. म्हणजे गडीमाणसं तिरकमठे घेऊन रानात जायची आणि संध्याकाळी ससा नाहीतर भेकर घेऊन यायची. मी ते पाहिलेलं नाही. जंगलखात्यानं शिकार बंद केली आणि खरं सांगायचं तर रानात मारण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. पारध गेली, तिच्यातला एक तीर तेवढा राहिला. वाडीच्या खाली ओढा आहे, उन्हाळ्यात नुसता धोंड्यांचा. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी तिथं जमते आणि ओढ्याच्या पलीकडे एक तीर सोडतात. त्याच्याबरोबर वर्षाची इडापीडा पलीकडे जाते, असं म्हणतात. इडापीडा जाते की नाही ते मला ठाऊक नाही. मी शाळामास्तरीण, मला असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची चोरी. पण तीर पलीकडं पडला की मलाही हायसं वाटायचं, हे कबूल करते.

तीर सोडायचा मान आमच्या घराचा. त्याला नियम एवढाच: कमठा घरचा, हात घरचा, आणि तीर ओढ्याच्या पलीकडं. अलीकडं पडला तर मान भावकीतल्या पुढच्या घरी जातो आणि गेलेला मान माघारी येत नाही. पुढचं घर माझ्या चुलतकाकांचं होतं. काका वाईट नव्हते. पण वर्षानुवर्षं मागे उभं राहून दुसऱ्याचा तीर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जे असायचं ते त्यांच्या डोळ्यांत होतंच.

आदल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर दादा हिरडे काढायला झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं, उजवा खांदा निखळला. हाड सरकारी दवाखान्यात जुळलं, खांदा मात्र जो अवघडला तो अवघडलाच. उजव्या हातानं घास तोंडात जायचा, डोक्याला मुंडासं बांधता यायचं नाही. दादा दवाखान्यात बेशुद्ध होते तेव्हा आईनं तुळशीची माळ घातली आणि मासमच्छी सोडली. हे ऐकायला सोपं वाटतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात खेकडे निघाले की आमच्या आईइतकं खुशीत वाडीत दुसरं कुणी नसायचं. कंदील आणि टोपली घेऊन तीच पुढे. त्या बाईनं खेकडा सोडला, तो दादांचा जीव राहावा म्हणून. दादांना हे शुद्धीवर आल्यावर कळलं. घरी आल्यावर खेकड्याचा रस्सा त्यांनीही कधी मागितला नाही.

त्या वर्षी तीर सुटलाच नाही. काकाच म्हणाले, "यंदाचं ऱ्हाऊ द्या. फुडल्या शिमग्याला बघू." 'बघू' या शब्दावर दादांची झोप उडाली.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. थोरली लग्न होऊन गेलेली. मी राजूरला शाळेत शिकवत होते आणि रोज पायी जाऊन-येऊन करत होते. पोरीचा हात घरचा धरत नाहीत, कारण पोर उद्या दुसऱ्याच्या घरची. मी यावर भरपूर वाद घातला. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा जुना कमठा माझ्या हातात दिला, म्हणाले, "वढ." मी ओढला. म्हणजे मी ओढले गेले, कमठा जागच्या जागी. तीर माझ्या पायाशी पडला आणि वाद मिटला.

तो जुना कमठा आजोबांचा, माझ्या कपाळापर्यंत यायचा. दादांना पाच मिनिटंही नीट उभं राहवत नव्हतं आणि बसून धरला तर त्याचं खालचं टोक जमिनीला टेकायचं. म्हणून दादांनी ठरवलं की कमठा आखूड करायचा, मांडीवर मावेल एवढा. आमच्या बांधावर धामणीचं झाड आहे. धामण म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं आणि कावडीचं लाकूड, वाकतं पण सहजी मोडत नाही. दादांनी डाव्या हातानं आणि पायाच्या अंगठ्यात धरून धरून एक फांदी तासली. महिनाभर ओट्यावर ढलप्यांचा खच. मी झाडायची आणि बडबडायची. कमठा झाला देखणा, दोरी लावली आणि अर्धवट ताणल्यावर मधोमध काडकन मोडला. आखूड लाकडाला लांब लाकडाएवढं वाकायला सांगितलं तर ते तरी काय करील! दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

दिवाळी झाली आणि चाचा आला. चाचा म्हणजे राजूरच्या बाजारात गाद्या भरणारा पिंजारी, दादांचा जुना दोस्त. दिवाळीनंतर वाड्यावाड्यांवर फिरून कापूस पिंजायचा. त्याची पिंजण म्हणजे एक मोठा कमठाच, तिला आतड्याची चिवट तात लावलेली असते. ती वाजवत तो अंगणात बसला की सगळं घर कापसानं पांढरं. गडी मोठा बढाईखोर. जगात अशी एक गोष्ट नव्हती जी चाचानं किंवा त्याच्या आज्यानं केलेली नव्हती.

मोडका कमठा हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला.

"भाऊ, ह्यो मोडला कुठनं? पाठीकडनं. पोटाला काय झालंय? काय न्हाई. भायेरच्या अंगाला, पाठीला, ताण बसतो. मंग पाठीला शीर लावा की!"

"कसली शीर?"

"बोकडाची. मागच्या पायाची. वाळवायची, ठेचायची, सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर बसवायची. वाळली की अशी आवळती, अशी आवळती, की लाकडाच्या बाचं काय चालत न्हाई. आमचा आज्जा करायचा."

"तुजा आज्जा गाद्या भरायचा," दादा म्हणाले.

"गाद्या पोटासाठी. कमठं शौकासाठी."

चाचानं आयुष्यात कमठा केला नव्हता हे आम्हाला पुढं कळलं. पण शीर, तात आणि सरस यांच्यात त्याचा हात बसलेला होता, आणि दादांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. आईनं आतूनच सांगितलं, "आतडं-कातडं घरात यायचं न्हाई." दादा म्हणाले, "घरात कुठं, वट्यावर." अशा रीतीनं सुरुवात झाली.

बाजारच्या दिवशी चाचा खाटकाकडून शिरा आणायचा. घोट्यामागची ती पांढरी चिवट शीर, बोटाएवढी. कौलांवर वाळत घातल्या तर पहिला वानवळा कावळ्यांनी नेला. मग मी जुनी साडी वरून बांधली. वाळल्यावर त्या शिंगासारख्या कडक झाल्या. दादा एका सपाट दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं ठेचायचे आणि ठेचता ठेचता ती शीर सुटी व्हायची, तिचे बारीक बारीक पांढरे तंतू निघायचे. अगदी अंबाडीच्या वाखासारखे. मी शाळेतून आले की तंतू सोडवायला बसायची. सुरुवातीला शी शी केलं, पण पुढे त्याची गोडी लागली. एका लांबीचे तंतू एका जुडीत, आखूड वेगळे. माझ्या हजेरीच्या वहीत नंबर घालावेत तशी मी ते लावायची आणि दादा म्हणायचे, "मास्तरणीला पोरं मिळाली."

नवी धामण तासून तयार झाल्यावर सरस शिजला. सरसाच्या वड्या रात्रभर भिजवून, एका पातेल्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर. उकळी आली की त्याची चिकाटी जाते, म्हणून चाचा त्यात बोट घालून घालून बघायचा. बोट भाजलं की "आता जास्त झालं" म्हणायचा. तंतूंची जुडी सरसात बुडवायची, दोन बोटांनी निपटायची आणि कमठ्याच्या पाठीवर लांबोळी निजवायची. तिच्या शेजारी दुसरी, विटा रचतात तशी सांधा चुकवून. दादांचा डावा हात आणि चाचाचे दोन्ही, असे तीन हात लाकडावर. चाचा गाणं म्हणत होता, दादा त्याला शिव्या देत होते. माझे वडील इतके सुखी मी क्वचितच पाहिले.

आणि मग दादांनी घोटाळा केला. तो आमच्याच माणसानं करावा.

आमच्या डोंगरात जे टिकवायचं ते चुलीवर टांगतात. बियाण्याची कणसं, नव्या टोपल्या, पावसाळ्यातलं इरलं, सगळं चुलीवरच्या वाशाला. धूर लागला की किडा लागत नाही आणि वस्तू वर्षानुवर्षं जगते. हे ज्ञान आम्हाला आईच्या दुधातून मिळतं. तेव्हा चाचा राजूरला गेल्यावर दादांनी मला सांगितलं की कमठा चुलीवर टांग. मीही शहाणी, स्टुलावर चढून टांगला. वर फडकं गुंडाळलं. आई त्या वेळी रानात होती.

संध्याकाळी भाताची वाफ वर गेली. सरसाला वाफ म्हणजे काय, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई वरण घोटत होती आणि वरून टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. तिनं वर पाहिलं, तर फडक्यातून एक पांढरी ओली जुडी लोंबत होती.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. पातेलं उचललं, परसात नेऊन ओतलं, राखेनं घासलं, तरी आत आणलं नाही. मग ओट्यावर दादांसमोर उभी राहिली.

"ही माळ मी कुनापायी घातली? मला का देवाची लई हौस आली हुती? तुमी उठून बसावं म्हनून घातली. आन् तुमीच माज्या ताटात बोकडाची शीर वाढता व्हय?"

दादा खाली बघत म्हणाले, "चुकलं."

"चुकलं न्हाई. तुमाला मानापुढं दुसरं काय दिसत न्हाई."

तेव्हापासून आईची चूल अंगणात. दादांचं ताट ती मुकाट्यानं आणून ठेवायची, गरम, अगदी त्यांना आवडतं तसं लसणाच्या चटणीसकट, पण बोलायची नाही. अबोला तिचा, चटणी तिचीच. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही कीव येत होती.

चाचानं येऊन कमठा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे भाऊ, सरस का बोंबील हाय धुरात घालाया? सावली पायजे, वारा पायजे, आन् धीर पायजे." सगळ्या शिरा गरम पाण्यात सोडवून पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कमठा शेळ्यांच्या पडवीत आढ्याला टांगला, जिथं वारा होता आणि उंदरांना पोचता येत नव्हतं. पौषातली कोरडी थंडी त्याच्यावरून वाहत राहिली.

माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या सुंदर गोष्टींत त्या कमठ्याचं वाळणं येतं. सरळ टांगलेलं लाकूड हळूहळू पाठीकडे वळू लागलं. शिरा सुकत होत्या आणि आवळत होत्या. माघ सरेपर्यंत त्याची दोन्ही टोकं मागे गेली, झोपेतून उठलेलं मांजर पाठ ताणतं तसा तो दिसायला लागला. मला वाटलं बिघडला. दादा मात्र खाटेवरून हात जोडून म्हणाले, "आज्जाचं खरं निघालं रं." चाचानं असा चेहरा केला, जणू त्याला शंका कधी नव्हतीच.

आता दोरी हवी होती. चाचानं आपल्या पिंजणीची नवीकोरी तात काढली. आई अंगण सारवत होती, ती उठून आली. बऱ्याच दिवसांनी ओट्यावरच्या माणसांशी बोलली.

"तात आतड्याची?"

"व्हय वहिनी. लई चिवट."

"ती न्हाई लावायची."

दादा म्हणाले, "अगं, नायलॉन घसरतंय, सुतळी तुटतीया. मंग लावू काय?"

आई आत गेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती दारात बसून अंबाडीचा वाख मांडीवर वळत होती. आमच्या घरचे सगळे दोर तीच वळायची, शेळीच्या दाव्यापासून विहिरीच्या दोरापर्यंत. पण असा पीळ मी पाहिला नव्हता. तीन पदर, बारीक, एकसारखे, आणि वर पोळ्याच्या मेणाचा हात.

"मेण माश्यांचं ना? मग माळेला चालतं का?" मी खोडी काढली.

"त्यात माशी मेली का? मंग गप बस."

दोरी तिनं दादांच्या मांडीवर टाकली. "दोरी माजी. बाकी त्या लाकडाला मी हात लावायची न्हाई." चाचानं गुडघ्यावर दाबून, दात खाऊन, कमठा उलट वाकवला आणि दोरी चढवली. टणत्कार असा झाला की शेळ्या उभ्या राहिल्या.

कमठा झाला, पण दादांना तो ओढता येईना. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी पेंढ्याच्या गंजीसमोर बसायचे, डाव्या हातानं कमठा दगडासारखा स्थिर धरायचे. उजवा हात दोरीला लावला की खांदा अर्ध्यावर अडायचा आणि त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तीर गंजीपर्यंतही जायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "त्या दिशी येईल बळ." आई अंगणातून भाकरी थापत बघायची. तिला सगळं दिसत होतं.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दादांना खाटेवर बसवून ओढ्यावर नेलं. चाचाही आला होता, कडक इस्त्रीचा सदरा घालून. सगळी वाडी जमली. ओढ्याकाठच्या एका सपाट धोंड्यावर दादा बसले, आखूड कमठा हातात. लोक वाकून वाकून बघत होते, पोरं हसत होती. म्हातारे मात्र शिरांवरून बोट फिरवून माना हलवत होते. दादांनी तीर लावला आणि दोरी ओढली. अर्ध्यावर हात थांबला. त्यांनी दोरी सोडली नाही, तशीच सैल करून पुन्हा ओढली. पुन्हा अर्ध्यावर. तीर तसा सुटता तर ओढ्याच्या मधल्या धोंड्यांत पडला असता, हे सगळ्यांना कळत होतं. काकांनी मान दुसरीकडे वळवली, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

बायका मागे उभ्या असतात. त्यांच्यातून आई पुढं आली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, दादांच्या उजव्या बाजूला गुडघा टेकून बसली आणि म्हणाली, "तुमी नेम धरा. हात काढा तेवढा."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "माळ?"

"दोरी अंबाडीची हाय. मी वळलीया. मी माज्या दोरीला हात लावतीय, तुमच्या बोकडाला न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं की हात घरचा लागतो. तेव्हा काका वळले आणि जोरात म्हणाले, "तिचा हात घरचा न्हाई, तर मंग तुमच्यात कुनाचा हाय?"

दादांचा डावा हात कमठ्यावर, आईची बोटं दोरीवर. ज्या हातांनी ती रोज विहिरीतून पोहरे शेंदायची, त्याच हातांनी तिनं दोरी ओढली, सावकाश, दादांच्या कानापर्यंत. कमठा वाकला, मोडला नाही. दादांनी डावा हात किंचित वर घेतला आणि म्हणाले, "सोड."

तीर ओढ्यावरून गेला आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत घुसला. चाचानं आरोळी ठोकली. दादा रडत होते आणि आई त्यांना दटावत होती, "लोकं बघत्यात." मग तिनं कुणाच्या तरी तांब्यातून ओंजळभर पाणी घेऊन हात धुतले, तरीही. संध्याकाळी तिची चूल आत आली.

त्यानंतर दादा होते तोवर दर शिमग्याला तीर तसाच सुटला, चार हातांतल्या दोनांनी. लोकांना त्याची इतकी सवय झाली की नव्या सुनांना वाटायचं, रीतच तशी आहे. दादा गेले त्या वर्षी, नेम धरणारा हात घरात उरला नाही म्हणून, मान काकांच्या घरी गेला. मानाबरोबर कमठाही पुढच्या घरचा होतो, म्हणून काका स्वतः तो न्यायला आले आणि पायरीवर बसले. आईनं कमठा खुंटीवरून काढला, त्याच्यावरची दोरी उतरवली, गुंडाळली आणि आपल्या कनवटीला खोचली.

"कमठा न्या," ती म्हणाली, "दोरी तुमी दुसरी वळून घ्या."